मानेचा वरचा सांधा : आधी सिद्धांत की आधी तपासणी?

मंडळी, आपली मान डावी-उजवीकडे जेवढी वळते, त्यातलं जवळपास निम्मं वळणं पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यामधल्या सांध्यात होतं. तो आखडला तर हाताने कसा सोडवायचा, याचा इतिहास बघू.

१८९५ साली अमेरिकेत, आयोवातल्या डेव्हनपोर्टला डी. डी. पामर यांनी कायरोप्रॅक्टिक सुरू केलं. ९५ टक्के रोग सरकलेल्या मणक्यांमुळे होतात, हा त्यांचा दावा. १९३०च्या दशकात त्यांचे चिरंजीव बी. जे. यांनी तर सगळं मूळ मानेच्या वरच्या दोन मणक्यांत मानलं. म्हणजे उत्तर आधी ठरलेलं, तपासणी नंतर!

ऑस्ट्रेलियाचे फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलंड यांनी तपासणीला पहिलं स्थान दिलं. त्यांचं मणक्यांच्या उपचारावरचं पुस्तक १९६४चं. तपासा, सांधा हळूहळू हलवा, लगेच पुन्हा तपासा. फरक नसेल तर आपला अंदाज बदला.

आज रुग्णाला उताणं झोपवून हनुवटी छातीकडे पूर्ण वाकवतात आणि मग डोकं वळवतात. अशा स्थितीत खालचे सांधे फारसे वळत नाहीत, वळतो तो मुख्यतः वरचा. निरोगी माणसात हे वळणं प्रत्येक बाजूला साधारण ४४ अंश भरतं.

हा वाद नुसता पुस्तकी नाही बरं का. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या याच मणक्यांतून जातात. जोराच्या झटक्याने क्वचित त्या फाटतात आणि पक्षाघात होतो. केस कापल्यावर न्हाव्याकडून मान मोडून घेताना आपल्याला हे कुठे आठवतं? कट्‌कन आवाज आला म्हणजे सांधा सुटला, असं नव्हे. तो किती वळतो, ते पुन्हा मोजावंच लागतं.