आज्ञावलींची सोयरीक

ओझर हे गाव नाशिककरांच्या बोलण्यात 'ओझर मिग' होऊन बसले, त्याला कारण १९६४ साली तेथे निघालेला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान-कारखाना. मिग विमानांसाठी उभारलेल्या त्याच कारखान्यात बांधलेले पहिले 'तेजस मार्क १ए' विमान १७ ऑक्टोबर २०२५ रोजी आकाशात झेपावले. आम्हां नाशिककरांना त्याचा अभिमान वाटला, हे सांगावयास नकोच. पण तेजसच्या पोटात भाषांचा एक इतिहास दडलेला आहे. तो या दिवाळीत वाचकांपुढे ठेवावा असे मला वाटते.

तेजसच्या पंखांवरील झडपा वैमानिकाच्या हाताने थेट वळत नाहीत. तो दांडा हलवितो, आणि झडपा किती वळवावयाच्या हे संगणक ठरवितो. तेजस घडविताना या संगणकाच्या आज्ञा 'एडा' नामक संगणकभाषेच्या एका निवडक भागात लिहिल्या गेल्या. ही भाषा जन्मली ती गोंगाटातून. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्याने शिरगणती केली, तेव्हा त्याच्या पदरी ४५० हून अधिक संगणकभाषा नांदत असल्याचे आढळले! खात्याने ठरविले की, यापुढे सर्वांसाठी भाषा एकच असावी. झां इशबिया या फ्रेंच तज्ज्ञाच्या मंडळीने ती रचली. जगातील पहिली संगणक-आज्ञावली लिहिल्याचा मान जिला दिला जातो, त्या एडा लव्हलेसचे नाव तिला मिळाले आणि १९८३ साली ती प्रमाण ठरली.

एकछत्री राज्याचे हे स्वप्न मोठे खरे. पण जुन्या कामाचे काय करावयाचे? जॉन बॅकस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली आणलेल्या फोर्ट्रानमध्ये गणिताचे, आणि कोबोलमध्ये हिशेबाचे डोंगराएवढे काम होऊन गेले होते. वर्षानुवर्षे वापरून पारखलेले. ते पुन्हा लिहावयाचे म्हणजे खर्च तर होताच, शिवाय ओळीओळीत नवी चूक शिरण्याची भीती. म्हणून एडात परक्या भाषेतील काम बोलावून घेण्याची वाट पहिल्यापासून राखून ठेवली होती. १९९५ च्या सुधारलेल्या एडात तर सी, कोबोल आणि फोर्ट्रान या तिघींशी व्यवहार कसा करावयाचा, याचे नियमच घालून दिले गेले.

हा व्यवहार म्हणजे भाषांतर नव्हे. फोर्ट्रानमधील काम फोर्ट्रानमध्येच राहते. दोन्ही भाषा अखेर यंत्राच्या आकड्यांत उतरतात, एवढाच त्यांचा समाईक आधार. ठरवावी लागते ती देवघेवीची रीत. लग्नापूर्वी दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसून याद करतात ना, तसेच हे. फोर्ट्रान कोष्टक साठविते ते उभ्या रांगांनी, सी साठविते आडव्या रांगांनी. आधी न ठरविता एकीचे कोष्टक दुसरीच्या हाती दिले, तर उभ्याचे आडवे होते. यंत्र तक्रार करीत नाही, उत्तर मात्र चुकते. संख्येला किती जागा द्यावयाची, प्रत्यक्ष संख्या पाठवावयाची की ती कोठे ठेवली आहे ते सांगावयाचे, आणि काम आटोपल्यावर वापरलेली जागा कुणी मोकळी करावयाची, हे सारे यादीत हवे. उसनी भांडी कुणी परत करावयाची हे न ठरल्यास लग्नघरात काय होते, ते वाचक जाणतातच!

यादीतले एक कलम राहून गेले तर काय होते, हे ४ जून १९९६ रोजी जगाने पाहिले. युरोपच्या 'एरियान-५' या नव्या अग्निबाणाच्या दिशादर्शक यंत्रात जुन्या 'एरियान-४' ची आज्ञावली घेतली होती. तीही एडातलीच. तिच्यात एक मोठी संख्या, ३२,७६७ च्या पुढे मोजता न येणाऱ्या लहान जागेत घातली जात असे. जुन्या बाणाचा वेग बेताचा, त्यामुळे तेथे ते निभावले. नव्याचा वेग अधिक. संख्या मावेना, दिशादर्शक यंत्र बंद पडले आणि सुमारे ४० सेकंदांत अग्निबाण आकाशातच नष्ट झाला. भाषा एकच असूनही हे घडले. मग भाषा दोन असल्या की किती जपावे लागत असेल, याची कल्पना करावी. पारखलेले काम नव्या घरी नेता येते; त्याची पारख मात्र तेथे नव्याने करावी लागते.

एकाच भाषेची सक्ती अमेरिकी खात्याने १९९७ साली मागे घेतली. सोयरिकीची रीत मात्र टिकली, नव्हे वाढली. आज पायथन शिकणारा एखादा विद्यार्थी समीकरणांचा संच संगणकापुढे टाकतो आणि क्षणात उत्तर मिळवितो, तेव्हा पडद्याआड बहुधा राबत असते ती १९९२ साली प्रसिद्ध झालेली, फोर्ट्रानमध्ये लिहिलेली 'लापॅक' ही आज्ञावली. त्या विद्यार्थ्याने फोर्ट्रानचे अक्षरही पाहिलेले नसते. मधल्या कुणीतरी याद नीट केलेली असते, म्हणून त्याला उत्तर बरोबर मिळते.