‘पहिल्या नागरिका’ची लेखणी

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या ५६ जणांत चार्ल्स कॅरोल हे एकटेच कॅथलिक होते, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. त्या सहीपूर्वी तीन वर्षे त्यांनी चालविलेल्या लेखणीची हकिगत मात्र क्वचितच सांगितली जाते.

मेरीलँड ही वसाहत मुळात कॅथलिकांना आसरा मिळावा म्हणून वसली. १६४९ साली तेथे, ख्रिस्ती पंथांपुरता का होईना, सहिष्णुतेचा कायदा झाला. पुढे वारे फिरले. १७०४ मध्ये कॅथलिकांची सार्वजनिक उपासना बंद झाली, १७१८ मध्ये मताधिकार गेला, १७५६ मध्ये त्यांच्या जमिनींवर दुप्पट कर बसला. म्हणूनच कॅरोल यांना लहानपणी समुद्रापार सेंट ओमेरच्या येशूसंघीय शाळेत धाडावे लागले. नंतर पॅरिस व लंडन येथे कायदा शिकताना त्यांनी लॉक आणि माँटेस्क्यू वाचले. यात विसंगती अशी की, १६८९ च्या सहिष्णुतेवरील पत्रात लॉकने परक्या सत्ताधीशाशी निष्ठा वाहणाऱ्यांना सवलत नाकारली होती. हा रोख कॅथलिकांवरच होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जो विचार आपल्याला दाराबाहेर ठेवतो, त्याच्याच आधारे दार ठोठावायचे!

ती संधी १७७३ मध्ये आली. विधिमंडळाची संमती नसताना गव्हर्नरांनी अधिकाऱ्यांची फी फर्मानाने ठरविली होती. विद्वान वकील डॅनियल डुलानी ‘अँटिलॉन’ या टोपणनावाने ‘मेरीलँड गॅझेट’मध्ये तिचे समर्थन करीत. कॅरोल यांनी ‘पहिला नागरिक’ या नावाने उत्तर दिले: अशी फी हा करच होय, आणि लोकप्रतिनिधींच्या संमतीवाचून कर बसविता येत नाही. युक्तिवाद तोकडा पडू लागताच डुलानींनी धर्म काढला. ज्याला साधे मतही नाही, तो राज्यकारभारावर बोलणारा कोण? माझ्या धर्ममतांचा या प्रश्नाशी संबंध नाही, एवढेच बजावून कॅरोल पुन्हा मुद्द्यावर आले. माझ्या मते त्या वादातील हा सर्वांत सरस क्षण होय. त्या वर्षीच्या निवडणुकीत त्यांचा पक्ष विजयी झाला. त्यांना स्वतःला मात्र मत देता आले नाही.

१७७६ च्या मेरीलँडच्या संविधानाने कॅथलिकांचे हक्क परत दिले. ज्यूंना सरकारी पदांसाठी १८२६ पर्यंत थांबावे लागले. आणि गुलामांचे काय? १७९७ मध्ये क्रमशः गुलामीमुक्तीचे विधेयक कॅरोल यांनी राज्याच्या सिनेटमध्ये मांडले, ते फेटाळले गेले. १८३२ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी, जाहीरनाम्याचे हे अखेरचे स्वाक्षरीकर्ते निवर्तले, तेव्हाही त्यांच्या मळ्यांवर गुलाम राबतच होते.