परवाना आणि अपवाद
१८७८ च्या शस्त्रकायद्यामागचे राजकारण

१८७८ च्या मार्च महिन्यात लागोपाठच्या दोन दिवशी हिंदुस्थान सरकारने दोन कायदे केले. १४ मार्चचा कायदा देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा होता. १५ मार्चचा शस्त्रास्त्रांविषयीचा. व्हाइसरॉय होते लॉर्ड लिटन. दख्खनेत आणि मद्रास इलाख्यात नुकताच भीषण दुष्काळ होऊन गेला होता आणि वायव्य सरहद्दीवर अफगाण युद्धाचे ढग जमत होते. आधी लेखणी आणि दुसऱ्या दिवशी तलवार, हा क्रम योगायोगाचा म्हणून सोडून देता येतो. पण दोन्ही कायद्यांच्या मुळाशी असलेली भीती एकच होती.

ही भीती १८७८ ची नव्हती, १८५७ ची होती. उठाव चालू असतानाच शस्त्रांच्या आयातीवर, घडणीवर आणि विक्रीवर निर्बंध आले. पुढच्या वर्षी अवधमध्ये तालुकदारांच्या गढ्या पाडून गावोगावची हत्यारे गोळा करण्यात आली. १८६० मध्ये आणखी एक कायदा झाला. म्हणजे लिटनने नवे असे फार थोडे केले. आणीबाणीतला उपाय त्याने कायमचा केला आणि साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू केला.

कायद्याचा हेतू त्याच्या प्रस्तावनेत क्वचितच सापडतो. या कायद्याची प्रस्तावना शस्त्रे, दारूगोळा आणि लष्करी सामग्री यांविषयीचे कायदे एकत्र करण्याची कोरडी भाषा बोलते. हेतू पाहायचा तर दोन ठिकाणी पाहावे : व्याख्येत आणि अपवादांत.

‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत बंदुका आणि तोफा होत्याच. शिवाय संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती आणि धनुष्यबाणसुद्धा होते. शत्रूचे सैन्य अडवण्यासाठी धनुष्यबाणाची नोंद कुणी करत नाही. ती यादी सरकारच्या डोळ्यांसमोर कोण होते हे सांगते : रामोशी, कोळी, भिल्ल, रयत, जुन्या संस्थानांतून बेकार झालेला शिपाई. सगळीकडे सगळ्याच हत्यारांना परवाना लागत होता असे नाही. परंतु कुठे, केव्हा आणि कुणाला लागेल हे ठरवण्याची मुभा सरकारने स्वतःकडे ठेवली.

अपवादांची यादी त्याहून बोलकी आहे. कायद्याखालच्या नियमांनी युरोपीय, अँग्लो-इंडियन, आर्मेनियन आणि अमेरिकन यांना परवान्यातून सूट दिली. राजेरजवाडे आणि बडे पदवीधारक हेही सुटले. कुर्गचे कोडव १८५७ नंतरच्या राजनिष्ठेमुळे आधीपासूनच मोकळे होते. तेव्हा ‘बंदूक धोकादायक आहे’ असे हा कायदा म्हणत नव्हता. ती कुणाच्या हाती धोकादायक आहे, तेवढेच तो सांगत होता. कलकत्त्यातला कालपरवा उतरलेला गोरा कारकून बंदूक बाळगू शके. पंचवीस वर्षे इमानेइतबारे चाकरी केलेल्या हिंदी मामलेदाराला मात्र अर्ज करावा लागे.

कायद्याने बंड थांबले का? कायद्याला वर्षही पुरे झाले नव्हते तोच, फेब्रुवारी १८७९ मध्ये, पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यातले माजी कारकून वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशांच्या साथीने धामारी गाव लुटले. जुलैत ते पकडले गेले. पुढे डिसेंबर १९०९ मध्ये नाशकात कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी झाडलेले ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून चोरून आले होते. ज्याने जिवावर उदार व्हायचे ठरवले त्याला हत्यार मिळत होते. मिळत नव्हते ते रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या शेतकऱ्याला.

काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्यात बदल मागितला. तक्रार जाचाची होती, तशीच अपमानाचीही : साऱ्या प्रजेवर विनाकारण अविश्वासाचा शिक्का बसला आहे. लिटनचा वृत्तपत्र कायदा रिपनने मागे घेतला. शस्त्रकायद्याला मात्र त्याने हात लावला नाही. वंशावर आधारलेली सूट जाण्यासाठी पहिले महायुद्ध उलटावे लागले. अहिंसेचे पुरस्कर्ते गांधीजी १९१८ मध्ये सैन्यभरतीचा प्रचार करताना हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत मोजतात, आणि १९३० मध्ये आयर्विनपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवान्याची मागणी घालतात. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत मोजला गेला.

मग स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत तो का नाही? डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी हरि विष्णु कामत यांनी घटना समितीत तशी दुरुस्ती सुचवली आणि कराचीची आठवण दिली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा प्रसंगी शस्त्र धरण्याचे कर्तव्य महत्त्वाचे, आणि सरसकट हक्क दिला तर अट्टल गुन्हेगारही त्यावर दावा सांगेल, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता.

या उत्तराला आणखी एक पार्श्वभूमी आहे असे मला वाटते. इंग्रजांनी हिंदी माणसाचे हत्यार केवळ परवान्याने काढले नाही, भरतीच्या नियमांनीही काढले. ‘लढाऊ जाती’ ठरवताना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली. निवृत्त लष्करी हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज सिद्ध केला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडले. ज्या समाजाने ही बंदी सोसली, त्याच्या नेत्याला शस्त्राचे मोल कुणी शिकवायची गरज नव्हती. पण खेड्यात खुला हक्क आला तर बंदूक प्रथम कुणाच्या घरी जाईल, हेही त्याला दिसत असणार. काँग्रेसच्या जुन्या मागणीत राज्यकर्ते आणि प्रजा एवढेच दोन पक्ष होते. प्रजेच्या पोटातले बलवान आणि दुर्बल तिच्या हिशेबात नव्हते.

१९५९ चा शस्त्रकायदा १९६२ मध्ये अमलात आला. जुना कायदा सबंध राष्ट्राला निःशस्त्र करण्यासाठी होता, ही कबुली नव्या विधेयकाच्या उद्दिष्टांतच दिली गेली. तलवार, भाला यांवरची बंधने अधिसूचित क्षेत्रांपुरती उरली आणि परवाना नाकारण्याची कारणे कायद्यात लिहिली गेली. तरी सांगाडा तोच राहिला : मालक सरकार, अर्जदार नागरिक. पंजाब पेटल्यावर १९८३ मध्ये माणशी बंदुकांवर तीनची मर्यादा आली, २०१९ मध्ये ती दोनवर आली.

बंदुका कमी असाव्यात, या मताचा मी आहे. पण त्यासाठी लिटनचा कायदा विसरण्याची गरज नाही. निर्बंध सर्वांना सारखा असेल तर ती सुरक्षितता. निवडक असेल तर ती हुकमत. म्हणून कोणताही शस्त्रकायदा वाचताना आधी अपवादांचे परिशिष्ट उघडावे. परवाना कुणाला सहज मिळतो, कुणाला वर्षानुवर्षे मिळत नाही आणि कुणाला मागावाच लागत नाही, हे कळले की कायदा कुणाला भिऊन केला आहे तेही कळते.