उसने केंस

श्रोतेहो, उसने केंस आपणांस नवे नाहींत. वडशाची झाडीपट्टी रंगभूमी ज्या दंडारींतून वाढली, तींत स्त्रीवेष घेणाऱ्या पुरुषांना ते लागत. घरोघरीं वेणींत गंगावन गुंफलें जाई. तें शोभेसाठीं. आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांचे दाट कुरळे केंस मात्र लवकर कोरडे होऊन तुटतात. म्हणून त्या ते डोक्यालगत बारीक वेण्यांत बांधतात आणि आंकडीदार सुईनें त्यांत परके केंस ओंवतात. खालचे स्वतःचे केंस सुरक्षित राहतात.

लुइझियानाच्या स्पॅनिश गव्हर्नरानें १७८६ सालीं तेथील मुक्त कृष्णवर्णीय स्त्रियांना केंस फडक्याखालीं झांकण्याचा हुकूम केला; त्यांनीं त्या फडक्याचाच रंगीत साज केला. केंसांच्या स्वाभाविक ठेवणीवरून कोणास शाळेंतून वा नोकरींतून दूर सारूं नये, असा कायदा कॅलिफोर्नियांत होण्यास २०१९ साल उजाडलें.