पाय गेल्यानंतरही मेंदूत उरणारे पाऊल

अपघातात किंवा आजारात पाय गमावलेल्या व्यक्तीला अनेकदा एक विलक्षण अनुभव येतो. नसलेल्या पायाची बोटे आखडतात, नसलेल्या तळव्याला खाज सुटते, नसलेल्या घोट्यात रात्रभर कळा येतात. घरातील माणसे हे मनाचे खेळ समजतात आणि वेडे ठरविले जाण्याच्या भीतीने रुग्णही गप्प राहतो. प्रत्यक्षात हा मनाचा दुबळेपणा नसून मानवी मेंदू शरीराविषयीची माहिती कशी गोळा करतो, साठवितो आणि वापरतो याचा तो परिणाम होय. कृत्रिम पायांसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या राजस्थानच्या राजधानीचे, म्हणजेच जयपूरचे उदाहरण या विषयावर चांगला प्रकाश टाकते.

जयपूर फूटचा जन्म

जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर पंडित रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक नवे कृत्रिम पाऊल घडविले. त्या काळी वापरात असलेले 'सॅच' या प्रकारचे पाश्चात्त्य पाऊल बूट घालून सपाट रस्त्यावर चालणाऱ्यांसाठी बनविलेले होते. त्याचा घोटा ताठ असल्याने उकिडवे बसणे, मांडी घालणे किंवा अनवाणी शेतात उतरणे कठीण जाई. रबर, लाकूड आणि टायरमधील दोऱ्यांचे थर एकत्र भाजून तयार केलेले जयपूरचे पाऊल मात्र अनेक दिशांना वाकत होते आणि चिखलपाण्यातही टिकत होते.

या पावलाविषयीचा शोधनिबंध १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८१ मध्ये डॉ. सेठी यांना मॅगसेसे पुरस्काराने गौरविण्यात आले. १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समितीची स्थापना केली आणि हे पाय विनामूल्य बसविण्याचे कार्य देशात तसेच परदेशांत पोहोचविले.

पावलाकडून मेंदूकडे

निरोगी पाऊल हा केवळ शरीराचा आधार नसून माहितीचा एक मोठा स्रोत आहे. तळव्याच्या त्वचेतील संवेदक दाब, कंप आणि घसरण टिपतात. स्नायूंतील आणि स्नायुबंधांतील संवेदक सांधा किती वाकला आहे व स्नायूवर किती ताण आहे हे कळवितात. डोळे मिटूनही आपला पाय कोठे आहे हे आपल्याला समजते ते याच माहितीमुळे. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी या जाणिवेला स्वतंत्र नाव दिले.

हे संदेश एकाच वेगाने प्रवास करीत नाहीत. सांध्यांची स्थिती सांगणारे जाड मज्जातंतू सेकंदाला सुमारे १०० मीटर वेगाने संदेश नेतात, तर रेंगाळणारी वेदना वाहून नेणाऱ्या बारीक तंतूंचा वेग सेकंदाला सुमारे १ मीटर एवढाच असतो. पायाला ठेच लागल्यावर आघात लगेच जाणवतो आणि खरी कळ क्षणभराने येते, त्याचे कारण हेच.

तथापि, चालताना प्रत्येक संदेश पोहोचण्याची वाट पाहिली, तर माणूस पडेल. म्हणून मेंदू अंदाज बांधतो. पाऊल टाकण्यापूर्वीच त्याचा परिणाम काय होईल याचे पूर्वानुमान तयार होते आणि प्रत्यक्ष आलेली माहिती त्याच्याशी ताडून पाहिली जाते. जिन्याची शेवटची पायरी अजून बाकी आहे असे समजून पाय टाकल्यावर जो दचका बसतो, तो या दोहोंतील तफावतीचा असतो. या कामात अनुमस्तिष्काचा, म्हणजेच लहान मेंदूचा वाटा मोठा आहे.

डोक्यातील नकाशा

कॅनडातील शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड आणि त्यांचे सहकारी एडविन बोल्डरी यांनी १९३७ मध्ये, शस्त्रक्रियेच्या वेळी जागे असलेल्या रुग्णांच्या मेंदूला सौम्य विद्युत्प्रवाह देऊन मिळालेली निरीक्षणे प्रसिद्ध केली. मेंदूच्या पृष्ठभागावर संपूर्ण शरीराचा जणू नकाशाच आहे, असे त्यांतून दिसून आले. या नकाशात ओठ आणि बोटे यांना त्यांच्या आकाराच्या मानाने फार मोठी जागा मिळते. पावलाची जागा दोन्ही गोलार्धांच्या मधल्या भेगेत, आतील बाजूस असते.

पाय कापला गेला तरी हा नकाशा पुसला जात नाही. अमेरिकन यादवी युद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करणारे डॉ. सायलस वीअर मिचेल यांनी अशा आभासी अवयवाला १८७१ मध्ये 'फँटम लिंब' हे नाव दिले. अवयव गमावलेल्या बहुतेकांना तो जाणवतो आणि निम्म्याहून अधिक जणांना त्यात कधी ना कधी वेदनाही होतात.

भारतीय वंशाचे मेंदुशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात असे मांडले की, रिकाम्या झालेल्या जागेवर नकाशातील शेजारचा भाग अतिक्रमण करतो. हात गमावलेल्या काही रुग्णांना गालाला स्पर्श केल्यावर तो नसलेल्या हातावर जाणवत असे. या मताला २०२५ मध्ये आव्हान मिळाले. तीन रुग्णांच्या मेंदूची हात कापण्यापूर्वी आणि त्यानंतर काही वर्षांपर्यंत तपासणी करण्यात आली, तेव्हा हाताचा मूळ नकाशा जवळजवळ जसाच्या तसा असल्याचे दिसले. वेदनेचे मूळ मेंदूत किती आणि कापलेल्या मज्जातंतूंत किती, हा वाद म्हणूनच अद्याप मिटलेला नाही.

नवे चालणे शिकताना

कृत्रिम पाय बसविल्यावर तळव्याकडून येणारी माहिती बंद झालेली असते. तिच्या जागी पायाच्या उरलेल्या भागावर सॉकेटचा पडणारा दाब, गुडघ्याची व कमरेची हालचाल, कानातील तोलाची यंत्रणा आणि दृष्टी यांवर मेंदूला विसंबावे लागते. प्रारंभी रुग्ण सतत खाली पाहून चालतो. बोलता बोलता चालणे त्याला जमत नाही, कारण त्याचे सारे अवधान पावलावर खर्ची पडलेले असते. अंधारात डोळ्यांचा आधार सुटत असल्याने पडण्याचा धोका वाढतो. सरावाने जुने अंदाज दुरुस्त होत जातात आणि चालणे पुन्हा अंगवळणी पडते.

वाकणाऱ्या पावलाचे महत्त्व येथे लक्षात येते. उकिडवे बसणे, मांडी घालणे, उंचसखल जमिनीवर चालणे या हालचाली मेंदूने लहानपणापासून शिकलेल्या असतात. कृत्रिम पाऊल त्यांना वाव देत असेल, तर रुग्णाला आपल्या जुन्या जीवनक्रमाकडे परतणे सोपे जाते. मुंबईच्या नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी १९८१ मध्ये अपघातात उजवा पाय गमावला. जयपूर फूटच्या साहाय्याने दीर्घ सराव करून १९८४ मध्ये त्या पुन्हा रंगमंचावर भरतनाट्यम् सादर करू लागल्या.

आभासी पायही या शिक्षणात उपयोगी पडू शकतो. कृत्रिम पाय वापरण्यासाठी तो आवश्यकच असतो, असे मत मज्जाविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे.

वेदनेवर उपाय

आभासी अवयवाच्या वेदनेसाठी रामचंद्रन यांनी साधा आरसा वापरला. आरशात शाबूत अवयवाचे प्रतिबिंब दिसते आणि नसलेला अवयव हालत असल्याची दृश्य माहिती मेंदूला मिळते. पाय गमावलेल्या अमेरिकन सैनिकांवरील एका छोट्या अभ्यासात चार आठवड्यांच्या आरसा-उपचारानंतर त्या गटातील सर्वांच्या वेदना कमी झाल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढील अभ्यासांचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत. हा उपाय प्रत्येकाला लागू पडतोच असे नाही. औषधे, व्यायाम आणि मज्जातंतूंवरील शस्त्रक्रिया यांचाही विचार तज्ज्ञ करतात.

सॉकेट घट्ट किंवा सैल असणे, उरलेल्या भागावर जखम होणे, मज्जातंतूच्या टोकाला गाठ येणे यांमुळेही कळा येऊ शकतात आणि या कारणांवर उपचार करता येतात. त्यामुळे नसलेला पाय दुखत असल्याची तक्रार रुग्णाने डॉक्टरांपासून लपवू नये आणि कुटुंबीयांनीही ती हसण्यावारी नेऊ नये. पाय नसला तरी वेदना खरी असते.