ट्रफल ऑइल पास्ता: बाटलीत ट्रफल किती असतं आणि हे तेल कधी घालायचं?

'दहा मिनिटांत ट्रफल पास्ता' असे रील्स सध्या सगळीकडे दिसतात. ऑनलाइन ऑर्डर केली की ट्रफल ऑइलची बाटली बीड, परळी, अंबाजोगाईतही घरी येते. बाटली छोटी असते, किंमत मात्र मोठी. म्हणून आधी समजून घेऊया, आपण नेमके कशाचे पैसे मोजतो.

ट्रफल म्हणजे काय?

ट्रफल ही जमिनीखाली वाढणारी बुरशी आहे, म्हणजे मशरूमची लांबची नातलग. ओक, हेझल अशा झाडांच्या मुळांशी ती वाढते आणि प्रशिक्षित कुत्र्यांच्या मदतीने शोधली जाते. इटलीतल्या आल्बा भागातलं पांढरं ट्रफल आणि फ्रान्सच्या पेरिगॉर भागाच्या नावाने ओळखलं जाणारं काळं ट्रफल सर्वात प्रसिद्ध. चांगल्या पांढऱ्या ट्रफलचा भाव किलोला लाखांत जातो.

मग तेल इतकं स्वस्त कसं?

कारण बाजारातल्या बहुतेक ट्रफल ऑइलचा वास ट्रफलमधून आलेलाच नसतो. ऑलिव्ह किंवा दुसऱ्या एखाद्या तेलात प्रयोगशाळेत तयार केलेला सुगंधी घटक मिसळतात. त्यातला मुख्य घटक म्हणजे २,४-डायथायापेंटेन. पांढऱ्या ट्रफलमध्ये तो नैसर्गिकरीत्याही असतो, पण खऱ्या ट्रफलच्या वासात असे अनेक घटक एकत्र असतात. म्हणून तेलाचा वास तीव्र, पण एकसुरी वाटतो.

लेबलवर काय बघायचं?

- घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. सर्वात आधी कोणतं तेल लिहिलंय ते बघा. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइल असेल तर उत्तम.
- 'फ्लेवर' किंवा 'अरोमा' लिहिलं असेल, तर वास वरून घातलेला आहे.
- बाटलीच्या तळाशी ट्रफलचा तुकडा दिसला, तरी वास त्याचाच असेल असं नाही.
- सर्वात छोटी आणि गडद काचेची बाटली घ्या. उघडल्यावर वास हळूहळू उडतो. बीडचा उन्हाळा चाळिशी पार करतो, त्यामुळे बाटली गॅसजवळ ठेवू नका. थंड, अंधाऱ्या जागी ठेवा.

झटपट कृती (दोघांसाठी)

१. २ लिटर पाणी उकळून त्यात मोठा चमचाभर मीठ घाला. २०० ग्रॅम स्पगेटी पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट कमी शिजवा.
२. पास्ता गाळण्याआधी वाटीभर पाणी बाजूला काढा. त्यात पिठाचा अंश उतरलेला असतो, त्यानेच सॉस दाट होतो.
३. कढईत दोन मोठे चमचे लोणी घेऊन तीन पाकळ्या चिरलेला लसूण मंद आचेवर परता. लसूण लाल होऊ देऊ नका.
४. पास्ता आणि अर्धी वाटी पाणी घालून मिनिटभर हलवा. गॅस बंद करून किसलेलं चीज आणि मिरपूड घाला.
५. शेवटी दोन छोटे चमचे ट्रफल ऑइल वरून सोडा आणि लगेच वाढा.

पाचवी पायरी सर्वात महत्त्वाची. ट्रफलच्या वासाचे घटक उष्णतेने पटकन उडून जातात. या तेलात फोडणी केली, तर पैसे वाफेबरोबर गेले म्हणून समजा.

बाटली घ्यायची नसेल तर?

तेल वरून कच्चं घालणं मराठवाड्याला नवीन नाही. भाकरीवरच्या ठेच्यावर किंवा चटणीवर आपण कच्चं तेल घेतोच. करडई हे तर मराठवाड्याचं जुनं तेलबियांचं पीक. काटेरी झाडं, कापणीची कटकट आणि सोयाबीनचा पसारा यामुळे तिचं क्षेत्र घटलं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम'सारखे वाण दिले आहेत आणि लाकडी घाण्याचं करडई तेल आजही मिळतं.

पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो. आपला बन्सी गहू त्याच प्रकारातला, आणि त्याच्या शेवया अनेक घरांत डब्यात असतात. त्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं शिजवा, निथळा, लसूण-लोण्यात परता आणि गॅस बंद करून वरून चमचाभर करडईचं तेल घाला. ट्रफलचा वास येणार नाही, पण तेलाची स्वतःची चव नक्की कळेल.