हळदीच्या दुधातल्या मिरीची कुळकथा

सानपाडा स्टेशनापासून जवळच्या मसाला बाजारात हळद आणि मिरी शेजारी शेजारी विकली जाते. औषधाच्या दुकानात तर दोन्ही एकाच कॅप्सूलमध्ये मिळतात. हळद अंगी लागायची तर मिरी हवीच, हे आजीबाईंचं ज्ञान, असं सगळेच सांगतात. मला ते पटत नाही. या जोडीचं मूळ हळदीत नाही, अडुळशात आहे.

चरकसंहितेत पिंपळीला योगवाही, म्हणजे सोबतच्या औषधाचा गुण वाढवणारी, म्हटलंय, आणि ती फार खाऊ नये असंही तिथेच बजावलंय. अडुळशाच्या पानांना पिंपळीची जोड दिली की दम्यावर गुण वाढतो, अशी नोंद बोस नावाच्या अभ्यासकांनी १९२९ मध्ये केली. हाच धागा पुढे जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल यांनी उचलला. या गुणामागचं पायपेरीन पिंपळी आणि मिरी दोन्हींत असतं. त्याच्या जोरावर क्षयावरच्या रिफाम्पिसिनची मात्रा ४५० मिलिग्रॅमवरून २०० वर आणणारं औषध २००९ मध्ये बाजारात आलं.

हळदीची पाळी १९९८ ची. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात माणसांना हळदीतलं २ ग्रॅम करक्युमिन नुसतं दिलं, तेव्हा ते रक्तात जेमतेम सापडलं. सोबत २० मिलिग्रॅम पायपेरीन देताच शरीराला मिळणारं प्रमाण २००० टक्क्यांनी वाढलं. एरवी आतडं आणि यकृत करक्युमिनला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून त्याची बाहेर रवानगी करतात. ही जोडणी करणाऱ्या विकराला पायपेरीन अडवतं.

मग आजीला हे ठाऊक होतं का? हळदीत करक्युमिन साधारण तीन टक्के. म्हणजे २ ग्रॅमसाठी साठ-सत्तर ग्रॅम हळद लागेल; दुधात आपण घालतो अर्धा चमचा. शिवाय मुका मार लागला की दुधात नुसती हळद. मिरी पडायची ती खोकला झाला की. ती आली घशासाठी, असंच मी म्हणेन. हळद अंगी लावायची स्वयंपाकघराची खरी युक्ती फोडणीत आहे: करक्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलातुपात विरघळतं.

पायपेरीन फिट्सवरच्या फेनिटॉइनचं रक्तातलं प्रमाणही वाढवतं. आमटीतल्या मिरीला भिऊ नका. पण रोजची औषधं चालू असतील, तर हळद-मिरीची कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.